निरोपाचे देणे

कल्पित व्यक्तींविषयी आपल्या मनात खऱ्या भावना कशा निर्माण होतात, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राने पुष्कळ चर्चिला आहे. त्या मानाने, कल्पित व्यक्तींची माणसे वाट का पाहतात आणि अशी वाट पाहणाऱ्याचे कोणावर काही देणे लागते काय, या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेचे लक्ष कमी गेले आहे. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका हा विषय गंभीर समीक्षेला अंमळ हलका वाटतो, हे त्याचे एक कारण असावे. प्रस्तुत लेखकालाही तो तसा वाटत होता. २०१६ सालच्या गणपतीत वैभववाडी तालुक्यातील आमच्या घरी काकीने विचारलेल्या एका प्रश्नामुळे ती समजूत डळमळली.

आरती आटोपून आम्ही माजघरात बसलो होतो. पाऊस लागून राहिला होता. काकी म्हणाली, "झिला, तू मुंबयत ऱ्हवतस मा? मगे तुका म्हायत आसतला. ती माजघरातली पोरां परत कधी येतली?" ज्या माजघरात आम्ही बसलो होतो, त्या माजघराविषयी ती बोलत नव्हती. 'दिल दोस्ती दुनियादारी' ही मालिका झी मराठीवर मार्च २०१५ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये थांबली. एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली सहा तरुण मुले मुंबईतील एका सदनिकेत राहतात, आणि त्या सदनिकेचे नाव 'माजघर' असते. कैवल्य, सुजय, आशू, रेश्मा, मीनल, अ‍ॅना ही नावे काकीला पुतण्या-भाच्यांच्या नावांसारखी पाठ होती. मालिका थांबली ती परत येण्याची आशा मागे ठेवून. पुढे सहा-सात महिने निश्चित असे काहीच कळले नव्हते. चाकरमानी मुंबईहून येतो तेव्हा मुंबईच्या बातम्या आणतो, हा जुना संकेत. त्या संकेतानुसार काकीने ही बातमीही माझ्याकडेच मागितली.

काकी नेमके काय विचारत होती? 'पुढे काय झाले' हे ती विचारत नव्हती, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात कथानकाला नाट्याचा आत्मा मानले आणि स्वभावचित्रणाला दुसरे स्थान दिले. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीच्या वाचकाला हा क्रम सहज मान्य होईल. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून १८९० पासून येऊ लागली, तेव्हा पुढील अंकाची वाट पाहणारा वाचक यमूचे पुढे काय होणार या चिंतेत असणार. विनोदी मालिकेत हा क्रम उलटतो. तेथे प्रत्येक भागाच्या अखेरीस परिस्थिती बहुधा मूळ पदावर येते. चिं. वि. जोशींचा चिमणराव शहाणा होत नाही, आणि तो शहाणा न होणे हीच त्याच्या गोष्टींच्या अस्तित्वाची अट आहे. अशा कृतीची वाट पाहणारा 'काय' यासाठी थांबलेला नसतो, तो 'कोण' यासाठी थांबलेला असतो. म्हणूनच काकीने मालिका कधी येणार असे विचारले नाही. पोरे कधी येणार असे विचारले.

यावर रसव्यवस्थेच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. अभिनवगुप्ताने ज्या रसविघ्नांची गणना केली आहे, त्यांत स्थलकालाच्या विशिष्टतेत अडकणे आणि स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे यांचा समावेश आहे. साधारणीकरण झालेल्या प्रेक्षकाला पात्राचा पत्ता विचारण्याचे कारण पडत नाही. या न्यायाने काकीचा प्रश्न हा अपक्व आस्वादाचा पुरावा ठरेल. मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. रससिद्धान्त प्रयोग चालू असतानाच्या अनुभवाविषयी बोलतो. प्रयोग बंद पडल्यानंतरच्या सहा महिन्यांविषयी तो बोलत नाही, आणि बोलण्याचा दावाही करीत नाही. वाट पाहणे हा आस्वाद नव्हेच. तो एक संबंध आहे, आणि संबंधाचा विचार सौंदर्याच्या नव्हे तर नीतीच्या प्रांतात करावा लागतो.

तेथे गेल्यावर मात्र प्रेक्षकाची बाजू सुरुवातीस फारच दुबळी दिसते. आर्थर कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसा केला. त्याला या पात्राचा कंटाळा आला होता. वाचक संतापले. पुढे १९०१ पासून होम्सची एक जुनी हकिगत क्रमशः आली, आणि १९०३ मध्ये तो मुळी मेलाच नव्हता असे जाहीर करण्यात आले. समजा, डॉइलने त्याला कधीच परत आणले नसते, तर त्याने वाचकांचा कोणता अपराध केला असता? माझ्या मते कोणताही नाही. 'आम्ही इतकी वर्षे वाचले, पाहिले' हा युक्तिवाद लेखकावर कर्ज चढवू शकत नाही. पाहणे म्हणजे ठेव ठेवणे नव्हे. मालिकेच्या बाबतीत तर प्रेक्षकाचे पाहणे हाच जाहिरातदारांना विकला जाणारा माल असतो, आणि विकल्या गेलेल्या मालाला दुकानाच्या भवितव्याविषयी मत विचारण्याची प्रथा नाही.

पण डॉइलने एक गोष्ट केली होती, ती येथे महत्त्वाची आहे. होम्स गेला, हे त्याने वॉटसनच्या तोंडून वाचकाला सांगितले. वाचकाला शोक करण्याची सोय होती. सांगितलेला शेवट आणि न सांगितलेला शेवट यांत जो फरक आहे, त्यासाठी मराठीत एक विलक्षण शब्द आहे : निरोप. निरोप म्हणजे कोणाकरवी पाठविलेली बातमी, आणि निरोप म्हणजे जाताना घेतलेली रजा. दोन्ही अर्थ एका शब्दात कसे एकवटले याची व्युत्पत्ती बाजूला ठेवू. कोकणात राहिलेल्या माणसाला ते एकवटणे स्वाभाविक वाटते. जाणारा निरोप घेऊन जातो आणि मग निरोप पाठवितो. मागे राहिलेल्याचे आयुष्य या दोन निरोपांच्या मधल्या अवकाशात चालते. वैभववाडीहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट वर गगनबावड्याकडे चढतात, आणि आमच्याकडे 'वाट पाहणे' याला अजून शब्दशः अर्थ उरला आहे : डोंगराकडे चढत गेलेल्या वाटेकडे पाहणे. पावसात दरड कोसळली तर निदान दरड कोसळल्याचे कळते, आणि माणूस वाटेवरची नजर काढून घेतो.

माझा मुद्दा एवढाच आहे की, विनोदी मालिकेच्या प्रेक्षकाला पुढील भागांवर हक्क नाही, परंतु निरोपावर आहे. हा हक्क कायद्याचा नव्हे. घरोब्याचा आहे, आणि हा घरोबा प्रेक्षकाने एकतर्फी कल्पिलेला नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर रोज ठरावीक वेळी घरात येणे, आपल्या घराला माजघर म्हणणे, हसवणे, 'उद्या भेटू' म्हणणे, हे सर्व वाहिनीने जाणून-बुजून केलेले असते. आमच्याकडे उठून जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. या 'येतो'ने कोणी बांधला जात नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. पण तो शब्द उच्चारणाऱ्याने समोर कोणीतरी मागे राहत आहे याची दखल घेतलेली असते. रोज येणारा माणूस काहीच न बोलता येईनासा झाला, तर त्यात करारभंग नाही. पण काहीतरी मोडते खरे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' आली. नट-नटी तीच, पण नावे वेगळी, स्वभाव वेगळे, कथा वेगळी. काकीने दोन-तीन दिवस पाहिली असेल. फोनवर म्हणाली, "तोंडां तीच, पण ही ती न्हयत." तत्त्वज्ञानातील तादात्म्याची चर्चा मी थोडीफार वाचली आहे, एवढ्या थोड्या शब्दांत तिचा पेच मांडलेला माझ्या वाचनात नाही.

येथे कोणी विचारील की, दशावतार पाहत वाढलेल्या बाईला याचे नवल का वाटावे? जत्रेत आज जो कृष्ण असतो तोच नट दुसऱ्या गावी राक्षस होतो, आणि कोणी तक्रार करीत नाही. उलट संकासुराचे पाहा. वेद चोरणारा हा काळ्या वेशातला असुर मालवणीत बोलून प्रेक्षकांना हसवतो, विष्णूच्या हातून मरतो, आणि पुढच्या जत्रेला पुन्हा हजर असतो. त्याच्या पुनरागमनाच्या बातमीची कोणी वाट पाहत नाही, कारण जत्रेची तिथी ठरलेली असते. दशावतारात भूमिका नटाहून वयाने मोठी असते. नट बदलला तरी ती राहते. मालिकेत पात्र आणि नट एकाच दिवशी जन्माला येतात, आणि प्रेक्षकाला त्यांची ओळख एकत्रच होते. त्यांतला चेहरा ठेवून माणूस काढून घेणे, हे नवे नाटक म्हणून सर्वस्वी वैध आहे. परतीच्या नावाखाली ते देणे मात्र संशयास्पद आहे. 'दोबारा' हा शब्द शीर्षकात नसता, तर माझी काही हरकत नव्हती. (ती मालिकाही काही महिन्यांतच संपली.)

परत येण्याचे अधिक प्रामाणिक प्रकार आपल्याकडे झालेले आहेत. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेली 'वागळे की दुनिया' १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर परतली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हेच वागळे दांपत्य, पण आता म्हातारे. घराचा कारभार मुलाकडे गेलेला. नवी मालिका जुनीइतकी चांगली होती असे मी म्हणणार नाही. पण मध्ये तेहतीस वर्षे गेली, हे तिने लपविले नाही. 'साराभाई वर्सेस साराभाई' (२००४–२००६) हीसुद्धा २०१७ मध्ये जुन्या नावांनिशी परतली, परंतु ती महाजालावर. ज्यांच्या घरी केवळ दूरचित्रवाणी संच आहे, त्यांच्यासाठी हा निरोप भलत्याच दारी पोचला.

आणि सोहळ्याने घेतलेला निरोप पाहायचा तर अमेरिकेतील 'मॅश'चा पाहावा. कोरियातील युद्ध तीन वर्षांचे. त्यावरची ही विनोदी मालिका अकरा वर्षे चालली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी अडीच तासांच्या वेळात तिने रजा घेतली. त्यात एक डॉक्टर मित्राला निरोपाचा शब्द तोंडाने म्हणूच शकत नाही. मित्राचे हेलिकॉप्टर वर उठते, आणि खाली जमिनीवर दगड मांडून तो शब्द लिहिलेला दिसतो. तो शब्द मित्राइतकाच प्रेक्षकासाठीही मांडलेला होता, हे उघड आहे.

या सर्व विवेचनात माझा स्वतःचा वाटा सांगायचा राहिला आहे. २०१६ च्या त्या संध्याकाळी काकीने विचारले तेव्हा मला काहीच माहीत नव्हते. तरी मी म्हणालो, "येतली, काकी." म्हातारीला बरे वाटावे, एवढाच हेतू. वाहिनीच्या मौनाविषयी वर जे लिहिले, ते लिहिताना हे वाक्य सारखे आड येत होते. कारण मौन निदान खोटे बोलत नाही. मी माझा नसलेला निरोप सांगितला होता, आणि त्या भरवशावर ती फेब्रुवारीपर्यंत थांबली. 'तोंडां तीच' म्हणाल्यावर फोन ठेवण्यापूर्वी ती आणखी एक वाक्य बोलली होती : "तुका म्हायत नव्हता, तर तसा सांगूचा होता."

२०१७ च्या गणपतीत मी गेलो. तिने मुंबईच्या सगळ्यांची चौकशी केली. मालिकांविषयी काही विचारले नाही.