अट ज्याची, खर्च त्याचा

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्यातली पात्रे होतात. चालवणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला आणि हा प्रकार जगभर पसरला. त्याला नियमांची पुस्तके लागतात, चार ते वीस बाजूंचे फासे लागतात. आता ऑनलाइन टेबलाची वर्गणीही आली. खेळाडूंसाठी हे सारे गेम मास्टरने विकत घ्यावे का?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात असाच प्रश्न कारखान्यापुरता केव्हाच सुटला आहे. ग्राइंडरवर ठिणग्या आणि धातूचे कण उडतात. तिथे डोळ्यांसाठी चष्मा किंवा पडदा पुरवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३५ ने घातले, आणि अशा साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायला कलम ११४ ने मनाई केली. सुरक्षेचा खर्च कामगारावर टाकायचा नाही, हे तत्त्व २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. कामाची अट मालकाची आणि नफाही त्याचाच, म्हणून साधनही त्याने द्यायचे.

गेम मास्टरला मात्र नफा नसतो. शिफ्ट सांभाळून तो नकाशे काढतो, पात्रे रचतो, सुटीचा दिवस इतरांसाठी राखतो. त्याच्याच खिशाला आणखी हात घालणे अन्यायाचे आहे. पण अटीचा मुद्दा त्यालाही लागू पडतो. अमुकच पुस्तक, अमुकच ॲप हवे असा आग्रह त्याने धरला, तर तो खर्च त्याने सोसावा, नाहीतर सगळ्यांना विचारून वर्गणी काढावी. या पट्ट्यात कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि स्टायपेंडवरचा शिकाऊ उमेदवार एकाच खोलीत राहतात. ‘सगळ्यांनी आपापले घ्या’ म्हटले की शिकाऊ पोरगा कारण न सांगता खेळायला यायचा बंद होतो. अशा वेळी गेम मास्टरने नियम साधे करावेत. जानेवारी २०२३ पासून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ नियम मुक्त परवान्याखाली फुकट मिळतात, आणि फाशांचा एक संच टेबलभर फिरवता येतो.

आवडीचे रंगीत फासे, आपल्या पात्राची छोटी मूर्ती ही ज्याची त्याने घ्यायची चीज. गेम मास्टर खेळवण्याची फी घेत असेल, तर आवश्यक साधने त्या फीतच धरलेली असावीत.

वर्गणीतून घेतलेल्या वस्तूंची मालकी आधीच ठरवणे बरे. छापील पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे जाते. डिजिटल पुस्तक ज्याच्या खात्यावर घेतले, त्याच्याकडेच अडकते. नोकरी बदलून तो बंगळुरूला गेला की बाकीच्यांचे पैसे गेल्यातच जमा. म्हणून डिजिटल खरेदीसाठी वर्गणी देताना ती वस्तूची किंमत आहे की वापराचे भाडे, हे पैसे जमा करण्यापूर्वीच बोलून घ्यावे लागते.