जाहिरातीची कमाई आणि रोजीचा हिशेब



संकेतस्थळ काढावे, त्यावर जाहिराती घ्याव्यात आणि घरबसल्या रोजी मिळवावी, असा विचार आपल्यातील अनेक तरुण करतात. ‘हे अजून परवडते का?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. प्रथम व्यवहाराची बाजू पाहू या.

गूगलने ‘अ‍ॅडसेन्स’ ही सेवा २००३ मध्ये सुरू केली. त्यामुळे लहान संकेतस्थळाच्या मालकालाही जाहिरातदार शोधत फिरावे लागत नाही. कंपनी जाहिराती पुरविते आणि आपला वाटा ठेवून उरलेली रक्कम मालकाला देते. परंतु खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत, आणि भारतीय वाचकांमागे मिळणारा दर अमेरिकेच्या मानाने बराच कमी असतो. शिवाय २०२४ पासून भारतातही गूगलच्या शोधपानावरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे दिसू लागली आहेत. उत्तर तेथेच मिळाले की वाचक पुढे येत नाही. तात्पर्य, झटपट संपत्तीची आशा धरणाऱ्यास हा मार्ग निराश करील. चिकाटीने उपयुक्त लेखन करणाऱ्यास जोडधंदा म्हणून तो आजही खुला आहे.

परंतु ईमानधारकाजवळ आणखी एक तराजू असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, निवाड्याच्या दिवशी मनुष्याला संपत्तीविषयी दोन गोष्टी विचारल्या जातील : ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली. ती किती मिळविली, हा प्रश्न त्यांत नाही.

संकेतस्थळ म्हणजे भररस्त्यावरील आपली भिंतच होय. ती कोणाला भाड्याने द्यावी? सत्कार्यात परस्परांना साहाय्य करावे, पापात व अत्याचारात करू नये, असा दिव्य कुरआनचा आदेश आहे. जुगार, मद्य वा व्याजी कर्जाची जाहिरात आपल्या भिंतीवर झळकत असेल, तर ते साहाय्य कशात झाले? ‘जाहिरात मी निवडली नाही, यंत्राने निवडली,’ ही सबब पुरेशी नाही. नको त्या वर्गातील व नको त्या जाहिरातदाराच्या जाहिराती रोखण्याची सोय मालकाला दिलेली असते. कुलूप ज्याच्या हाती आहे, त्याला ‘दार उघडे होते’ असे म्हणता येत नाही. दक्षता घेऊनही काही निसटलेच, तर तेवढी रक्कम पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावी, असा सल्ला अनेक विद्वान देतात.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. कमाई घटली की मोह वाढतो. मग मित्रांना जाहिरातींवर क्लिक करावयास सांगितले जाते. जाहिरातदार ग्राहक मिळावा म्हणून पैसे मोजतो. त्याला मिळतो तो केवळ ग्राहकाचा आभास. मापात खोट करणाऱ्यांना ‘सूरह अल्-मुतफ्फिफीन’मध्ये दिलेला इशारा या व्यवहारालाही लागू पडतो.

फसव्या मथळ्यांचेही तसेच आहे. ‘सर्वांच्या खात्यात पैसे जमा’ असे वाचून एखादी विधवा आशेने पान उघडते आणि आत काहीच नसते. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. फसवा मथळा म्हणजे ओल्या राशीवर पसरलेले कोरडे धान्यच नव्हे काय?

म्हणून तरुणांनो, घरखर्चाचा सारा भार या कमाईवर टाकू नका. शेती, शिक्षण, आरोग्य, हस्तकौशल्य यांपैकी ज्या विषयाचे खरे ज्ञान तुम्हांस आहे, त्यावर लिहा. लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाचे पुण्य मृत्यूनंतरही चालू राहते, अशी शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे. डॉलर थोडे आले तरी ही जमा बुडत नाही. आणि डॉलर पुष्कळ आले, पण लोकांचा विश्वास गमावला, तर तो सौदा तोट्याचाच.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि त्यात बरकत देवो. आमीन.