जहाजाचा दाखला आणि शहराचे पाणी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सामूहिक जबाबदारी समजावून सांगताना दिलेला एक दाखला ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आला आहे. काही लोक चिठ्ठ्या टाकून जहाजातील जागा वाटून घेतात. काहींच्या वाट्याला वरचा मजला येतो, काहींच्या वाट्याला खालचा. खालच्यांना पाणी हवे असले की वरच्यांमधून ये-जा करावी लागते. तेव्हा ते ठरवतात की, आपल्याच वाट्याच्या जागेत भोक पाडून पाणी घ्यावे, म्हणजे वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सारेच वाचतील.

अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादा पाळणारे आणि त्या ओलांडणारे यांच्यासाठी हा दाखला आहे. सत्कर्माचा आदेश देणे आणि दुष्कर्मापासून रोखणे या कर्तव्याच्या विवेचनात तो नेहमी सांगितला जातो. परंतु आज जगातील एका महानगरात तो जवळजवळ अक्षरशः घडतो आहे. ते महानगर म्हणजे जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशाचे, इंडोनेशियाचे, जकार्ता शहर.

जकार्ता सखल किनाऱ्यावर, 13 नद्यांच्या मुखाशी वसले आहे. शहराचा सुमारे 40 टक्के भाग आज समुद्रसपाटीच्या खाली गेला आहे. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरेच. पण त्याहून कितीतरी वेगाने तेथील जमीन खचली. उत्तरेकडील काही वस्त्या एके काळी वर्षाला 20 सेंटीमीटरहून अधिक खाली जात होत्या. याचे मोठे कारण म्हणजे भूगर्भातून बेसुमार उपसलेले पाणी. तेथील जमिनीखाली चिकणमातीचे जाड थर आहेत. त्यांतील पाणी काढून घेतले की थर दबतात आणि एकदा दबलेला थर पुन्हा पूर्ववत फुगत नाही. वर काँक्रीट पसरल्यामुळे पावसाचे पाणीही जमिनीत मुरत नाही. मुआरा बारू या वस्तीत समुद्राच्या भिंतीपलीकडे एक मशीद पाण्यात उभी आहे. जेथे कधी सफा लागत होत्या, तेथे आज लाटा आहेत.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याने आपल्या अंगणात बोअर घेतली, त्याने कोणता गुन्हा केला? जागा त्याची, पैसा त्याचा, हेतूही वाईट नाही. जहाजातील खालच्या लोकांचा युक्तिवाद नेमका हाच होता: जागा आमच्या वाट्याची आहे आणि कोणाला त्रास होऊ नये हीच आमची इच्छा आहे. प्रेषितांनी (स.) त्यांच्या हेतूवर बोट ठेवले नाही, परिणामावर ठेवले. वाटा वेगळा असला तरी तळ एकच असतो. म्हणूनच इस्लामी धर्मशास्त्राने विहिरीभोवतीची काही जागा ‘हरीम’ म्हणून राखीव मानली आणि दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी तुटेल अशी विहीर तेथे खोदण्यास मनाई केली. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व लोक भागीदार आहेत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. जमिनीची मालकी असली म्हणजे तिच्या तळाशी वाहणाऱ्या पाण्याची अमर्याद मालकी मिळते, असे नाही.

मात्र एवढ्यावर थांबणे म्हणजे दाखल्याचा अर्धाच अर्थ घेणे होय. खालच्यांनी भोक पाडायचे का ठरवले? कारण पाणी वरून मिळत होते आणि तेथवर जाणे अवघड झाले होते. जकार्तातही नळाचे पाणी सर्व घरांपर्यंत पोहोचलेले नाही. ज्या कुटुंबाच्या दारात नळ नाही, ते जमिनीतून पाणी काढते. नाहीतर फेरीवाल्याकडून विकत घेते. दुसरीकडे उंच इमारती, हॉटेले आणि कारखाने खोल बोअर घेऊन प्रचंड उपसा करतात. भोक पाडणारे हात दोन्ही मजल्यांवर आहेत. पण एकाची गरज आहे आणि दुसऱ्याची सोय. न्यायाच्या तराजूत ही दोन्ही वजने सारखी नाहीत.

तेव्हा हात धरणे म्हणजे काय? केवळ बंदी घालणे नव्हे. तहानलेल्याचा हात धरून त्याला पाणी न देणे हा न्याय नाही. बसरा शहर नवे वसले, तेव्हा तेथील जमीन खारट होती आणि दुर्बल लोकांना गोडे पाणी फार लांबून आणावे लागे. अहनफ बिन कैस यांनी ही तक्रार ह. उमर (रजि.) यांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांना बसऱ्यासाठी कालवा खोदण्याचा आदेश दिला. नगररचना हा केवळ शासनाचा विषय आहे, धर्माचा तिच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. दुर्बलाच्या घागरीचे अंतर मोजणे हे खलीफाने आपले कर्तव्य मानले होते.

रोखणे आणि पुरवणे ही दोन्ही कर्तव्ये एकत्र पार पाडता येतात, याचा पुरावाही आहे. टोकियोचे काही भाग विसाव्या शतकात चार मीटरहून अधिक खचले होते. तेथे 1956 आणि 1962 च्या कायद्यांनी कारखान्यांच्या व इमारतींच्या भूजल उपशावर बंधने आणली, पर्यायी पाणीपुरवठा उभारला आणि खचणे जवळजवळ थांबले. इंडोनेशियाने 2019 मध्ये राजधानी बोर्निओ बेटावर हलवण्याचे जाहीर केले. नुसंतारा हे ते नवे शहर. नवे जहाज बांधण्यास हरकत नाही. परंतु जुन्या जहाजात सुमारे 1 कोटी माणसे आहेत आणि नव्या जहाजात जुनीच सवय नेली तर तळ तेथेही फुटेल.

आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात जमीन अशी खचत नाही. येथे विहीर आटते. एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची उथळ विहीर कोरडी पडते आणि खोल जाण्याची ऐपत नसलेला टँकरची वाट पाहतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण पाहिले आहे.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाण्याची उधळपट्टी करू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आली आहे. नदीला त्या ओंजळीने काय फरक पडणार होता? फरक माणसाला पडतो: मिळाले ते आपले म्हणून उधळायचे, की अमानत म्हणून वापरायचे. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीत वुजूचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरले जाते. आपल्या मोहल्ल्यातील मशिदीत ते पाणी निदान बागेला किंवा शोषखड्ड्यात सोडता येईल. गच्चीवरचा पाऊस जमिनीत मुरवता येईल. सोसायटीच्या सभेत नवी बोअर मंजूर होत असताना, पलीकडच्या वस्तीच्या हातपंपाचे काय होईल, एवढा प्रश्न विचारता येईल. आणि त्या वस्तीत नळ यावा म्हणून नगरपालिकेकडे तिच्याबरोबर उभे राहता येईल. हेही हात धरणेच आहे.

न्यायाच्या दिवशी केवळ आपल्या वाट्याचा हिशेब होईल, या समजुतीत राहू नये; आपल्या वाट्याने शेजाऱ्याचे काय केले, हेही विचारले जाईल. अल्लाह आपणा सर्वांना या अमानतीची जाणीव आणि तिचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.