नळी बदलली, बंदूक तीच?

पेठ म्हटलं की पुणेकर विचारतात, "कुठली? सदाशिव की नारायण?" आमची पेठ नाशिक जिल्ह्यातली, गुजरातच्या वेशीवरची. इथे बँकेच्या दाराशी बंदूक असते ती बारा बोअरची. जन्मभर एकाच नळीशी एकनिष्ठ!

परदेशी रायफलींचं तसं नाही. फिनलंडची साको टीआरजी एम-१०, इंग्लंडची एएक्सएमसी, अमेरिकेची बॅरेट एमआरएडी. तिघींची खोड एकच. नळी बदला, बोल्ट बदला, ७.६२ मिलिमीटरची रायफल ८.६ची होते. बॅरेटचे तर दोन स्क्रू सैल केले की नळी हातात! अमेरिकेच्या खास फौजांनी २०१९ साली ती निवडली, तीही तीन मापांत.

आता पेच असा, की एवढं बदलल्यावर बंदूक तीच का? नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारलं होतं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? अमेरिकन कायद्याने मात्र कारकुनी उत्तर शोधलंय. ज्या मधल्या सांगाड्यावर क्रमांक, ती बंदूक. नळी हा नुसता सुटा भाग.

आपली गंमत उलटी. शाखा बदलते, साहेब बदलतो, आणि "मी काय करणार, वरूनच आलंय" म्हणत आपण खुशाल नळी होतो. पण कर्ज नाकारलेला म्हातारा पाड्यावर परततो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे परिपत्रक नसतं, आपलं तोंड असतं. क्रमांक तिथे ठोकलेला आहे.

आणि हो, नळी बदलली की नेम नव्याने जुळवावा लागतो म्हणे. बदलीच्या हुकमात हे कलम कुणी घालत नाही.