डावा पाय पुढे

अंबरनाथच्या शिवमंदिरात देवाकडे जायला उतरावं लागतं. गाभारा मंडपाच्या बराच खाली, वीसेक पायऱ्या. डावा खुबा बदलल्यावर चौथ्या महिन्यात, बदलापूरहून लोकलचं एक स्टेशन करून बायकोबरोबर गेलो, आणि पहिल्याच पायरीवर अडलो. दुखलं म्हणून नाही. कोणता पाय आधी टाकायचा, म्हणून.

देवळात उजवं पाऊल आधी, ही आईची शिकवण. उल्हासनगरहून घरी येणाऱ्या फिजिओ मुलीचा धडा वेगळा: चढताना चांगला पाय, उतरताना ऑपरेशनचा. उतरताना वरच्या पायरीवर राहतो त्या पायालाच गुडघ्यात वाकून सगळं अंग खाली सोडायचं असतं. ते काम धडधाकट पायाचं. म्हणजे महादेवाकडे जाताना काठी आणि डावा पाय पुढे.

"डावा पाय?" मागून एक आजीबाई पुटपुटल्या. कोणीतरी त्यांना म्हणालं, "असू द्या आजी, देव चालवून घेतो."

हे 'चालवून घेणं' मला लागलं. मी ऑर्डनन्स फॅक्टरीतला टर्नर. मापात न बसलेला जॉब साहेबाची सही घेऊन चालवतात, पण तो कसा सुटला हे सगळ्या शॉपला माहीत असतं. माझा खुबा तसला नाही. धातूचा गोळा, पॉलिथिनची वाटी. इंग्लंडातल्या जॉन चार्नलींनी आधी टेफ्लॉनची वाटी बसवली होती; ती भराभर झिजली. 1962मध्ये पॉलिथिन आलं तेव्हा कुठे सांधा टिकला. इतक्या मेहनतीच्या कामाला माफी कसली?

आणि शंकराची प्रदक्षिणा तरी कुठे पुरी असते? सोमसूत्र ओलांडायचं नाही, तिथून उलट फिरायचं. तिला कोणी सवलत म्हणत नाही. देवागणिक विधी बदलतो, तर देहागणिक का बदलू नये? मांडी नको, उकिडवं नको, नव्वद अंशांपुढे वाकणं नको. साष्टांग गेला, उभ्याचा नमस्कार उरला. तो उणा नाही, असं माझं मत.

बायकोचं नाही. "अहो, मग उद्या घरूनच हात जोडाल."

याला उत्तर सुचेना. मानसपूजा शास्त्रातच आहे. मग ओल्या दगडावर काठी टेकत कशाला यायचं? एकेक पायरी उतरत राहिलो. वरचं शिखर नाही, त्यामुळे गाभाऱ्यात थेट आभाळाचा उजेड पडतो. त्या उजेडात पिंडीपुढे ताठ उभा राहिलो आणि मागे पाहिलं. मघाशी उभा होतो तो उंबरा डोक्याच्या कितीतरी वर. शिलालेखातलं साल 1060, राजा शिलाहार माम्वाणी. त्याच्या कारागिरांनी देव मुद्दाम खाली बसवला असेल तर वाकायचं काम पायऱ्यांनीच करून घेतलं होतं. बायकोनं माझ्या वाट्याचं बेलपान वाहिलं. तिला हे सांगितलं नाही. म्हणाली असती, हेही सोयीचंच.

वर येताना मात्र उजवा पाय आधी. आजीबाई गुडघा धरून मागेच चढत होत्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

"कुठे केलंत ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.