मधल्या सुट्टीतला प्रल्हाद

इंदापूर तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला नीरा भीमेला मिळते. नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा आणि दोन्ही पाण्यांच्या बेचक्यात नीरा नरसिंहपूर. संगमावरच्या देवळातला नृसिंह महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचा कुलदेव. त्याची मूर्ती वाळूची आहे आणि ती खुद्द प्रल्हादाने घडवली, अशी श्रद्धा आहे.

नदीकाठी वाढलेल्या माणसाला ही कथा लगेच आपली वाटते. ओली वाळू दिसली की पोर बसकण मारते, पायावर वाळू थापते, पाय हळूच काढून घेते आणि मागे उरलेल्या खोप्यात देव बसवते. संध्याकाळी पाणी वाढले, खोपा गेला, तर दुसऱ्या दिवशी नवा. नरसिंहपूरच्या कथेत एवढाच फरक की तो खेळ वाहून गेला नाही. एका पोराच्या हातच्या वाळूपुढे पिढ्यान्‌पिढ्या मोठी माणसे डोके टेकवत आली.

बालपण ही पुढच्या आयुष्याची नुसती तयारी आहे, की ते स्वतःच पुरते आयुष्य आहे? हा प्रश्न भागवताच्या सातव्या स्कंधात चांगला धारदार होऊन येतो. कीर्तनांतून आपण प्रल्हादाचे हाल ऐकतो. आग, हत्ती, कडेलोट आणि शेवटी खांब. पण त्याची शाळा फारशी कुणी रंगवत नाही. वास्तविक सारे नाट्य तिथेच आहे. शुक्राचार्यांचे दोन मुलगे, शंड आणि अमर्क, हे मास्तर. शिकवायचे ते धर्म, अर्थ, काम आणि राजनीती. हा आपला, तो परका, या पायावर उभी असलेली ती विद्या पोराला मनातून पटत नव्हती. बाप एकदा त्याला मांडीवर घेऊन विचारतो, बाळा, काय शिकलास त्यातले तुला सर्वांत चांगले काय वाटले ते सांग. हिरण्यकशिपू इथे राक्षस वाटत नाही. बारामतीच्या कुठल्याही घरात संध्याकाळी दप्तर उतरवताना विचारला जावा असा हा प्रश्न. उत्तर मनाजोगे आले नाही, तेव्हा मात्र त्याच बापाला मुलगा शत्रू वाटू लागतो. वय किती, तर पाच वर्षे; हा आकडा ग्रंथात बापाच्याच तोंडी आहे.

मग मास्तर घरच्या कामाला गेलेले असतात, मधली सुट्टी होते आणि पोरे प्रल्हादाला खेळायला बोलावतात. तो हसून बोलू लागतो, तशी ती खेळणी टाकून त्याच्याभोवती बसतात. प्रल्हाद त्यांच्यापुढे हिशेब मांडतो: आयुष्य शंभर वर्षांचे धरा. निम्मे झोपेत जाते. वीस वर्षे बाळपणात नि खेळात, वीस म्हातारपणाच्या दुबळेपणात. उरलेली दहा संसाराच्या गुंत्यात कशी सरतात ते कळतही नाही. म्हणून जे खरे मोलाचे ते आत्ताच, कोवळ्या वयातच सुरू करा. हे ऐकून बालपण गंभीर करून टाकावे असे वाटेल, पण तो अर्थ चुकीचा आहे. बोलणारा पाच वर्षांचा आहे आणि त्याचे श्रोते अजून धुळीत बसलेले आहेत. मोठे झाल्यावर जगू, ही सबब तो खोडून काढतो आहे.

याचा मोठेपणच्या कामाशी काय संबंध? तो नृसिंह प्रकटल्यानंतर कळतो. देव म्हणतो, वर माग. प्रल्हादाला काही नको आहे. बदल्यात काही मिळावे म्हणून जो सेवा करतो तो सेवक नव्हे, व्यापारी, असे तो स्पष्ट सांगतो. तरीही राज्य कर, अशी आज्ञा होते आणि तो ते सांभाळतो. छळणाऱ्या बापासाठी मात्र क्षमा मागतो. वाळूत खोपा करणाऱ्या पोराला मजुरी नको असते. राजाच्या गादीवर बसूनही प्रल्हादाने तेच मन जपले. कामात मन असले की हिशेब मागे पडतो, हे लहानपणी सगळ्यांनाच ठाऊक असते. पुढे ते विसरायला लावले जाते.

बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी (1729–1794) हे विसरू दिले नाही. पन्हाळ्याला जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे राहिला. रामकथा त्याने नाना तऱ्हांनी सांगितली. एका रामायणात तर ओठांनी उच्चारायची अक्षरेच येऊ दिली नाहीत. विद्वत्ता अफाट, पण वृत्ती पोराने शब्दाशी पैज लावावी तशी. आणि ‘केकावली’त हाच पंडित मोराच्या आर्त हाकेने देवाला साद घालतो, लेकराने आईला हाक मारावी तसा.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच मुलखातून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्व धावतात. बापाच्या खांद्यावरची पोरे ते बघतात. अर्थ कुणी समजावून सांगत नाही. ही पालखी 1685 साली तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी सुरू केली. ते तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर जन्मलेले. बापाचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

पण प्रल्हादाचा हिशेब याच तालुक्यांत एका जागी अडतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचे कारखाने आले. गळीत हंगाम लागला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बीडकडून येतात, कोप्या घालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरांचे नाव त्या हिशेबात नसते. आई-बाप पहाटे फडात गेले की आठ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेते, पाणी भरते, चूल बघते. खेळात वाया जातात म्हणून मोजलेल्या त्या वीस वर्षांपैकी तिच्या वाट्याला किती येतात? साखरशाळा निघाल्या, काही ठिकाणी मनापासून चालल्या, पण कोयता ज्या फडावर जाईल तिथे शाळा पोचतेच असे नाही. ज्या मुलखाने प्रल्हादाला आपले मानले, त्याने आधी या पोरीकडे बघायला हवे.

वैशाखात नरसिंहपूरला नृसिंहजयंतीची गर्दी होते. तोवर कारखान्यांची धुराडी थंडावलेली असतात, कोप्यांच्या जागी चुलीचे तीन काळे दगड उरलेले असतात. ती पोर गावी पोचते, तेव्हा तिच्या वर्गाची परीक्षा होऊन गेलेली असते.