भुताच्या सिनेमाआधी करायची कागदपत्रं

चि. बंड्यास,


परवा फोनवर तू बराच वेळ एकाच गोष्टीवर बोललास: रक्त कशाचं करायचं. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये चॉकलेट सिरप वापरलं होतं, मग आपणही तेच वापरू, असं तुझं म्हणणं. अरे, तो चित्रपट कृष्णधवल होता. तुझ्या रंगीत कॅमेऱ्यापुढे सिरप सिरपच दिसेल. रक्ताचं तुझा मेकअपवाला बघून घेईल. तू रक्त लागणाऱ्या नटाचे एकसारखे चार शर्ट आधीच घेऊन ठेव. पहिला टेक फुकट गेला, तर रात्री दोन वाजता शूटिंगच्या त्या आडगावात दुसरा कोरडा शर्ट कुठून आणशील?

त्या चित्रपटाचे किस्से तुला तोंडपाठ आहेत, पण तू ते प्रेक्षक म्हणून वाचलेस. आता निर्माता म्हणून वाच. 1967 साली पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणारी जॉर्ज रोमेरो आणि मित्रमंडळी. दहा जणांनी सुरुवातीला प्रत्येकी 600 डॉलर काढले. पुढे सगळा खर्च एक लाख चौदा हजार डॉलरच्या आसपास गेला. रोमेरो दिग्दर्शक, कॅमेरामन आणि संकलकही. कार्ल हार्डमन निर्मात्यांपैकी एक. तळघरात दडून बसलेल्या तिरसट बापाचं काम त्यानंच केलं आणि आवाजाचे इफेक्टही त्यानंच केले. त्याच्या बायकोच्या भूमिकेतली मॅरिलिन ईस्टमन मेकअपही सांभाळत होती आणि एका प्रसंगात झाडावरचा किडा खाणारं भूतही झाली. त्यांची पडद्यावरची मुलगी म्हणजे हार्डमनची खरीखुरी मुलगी. आणि चित्रपटातली ती गाडी! निर्माता रसेल स्ट्राइनरच्या आईची. शूटिंगच्या मधल्या दिवसांत कुणीतरी ती गाडी ठोकली. पोचा लपवायला पैसे नव्हते, म्हणून गाडी झाडावर आदळते असा प्रसंगच लिहिला.

लोक याला गंमत म्हणतात. मला यात टंचाईवर काढलेली तोड दिसते, आणि ती काढणारी माणसं आधीपासून एकमेकांच्या विश्वासातली होती हेही दिसतं. आपल्याकडे भयपट करणाऱ्या रामसेंचं तेच. वडील आणि सात भाऊ. कुणी लेखन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी सगळं बिऱ्हाड घेऊन महाबळेश्वरला केला. तुझ्याकडे सात भाऊ नाहीत, कॉलेजातले मित्र आहेत. मित्रांना घरच्यासारखं राबवता येतं असं समजू नकोस. कोण काय करणार, किती दिवस, पैसे किती किंवा नफ्यात वाटा किती, टायटलमध्ये नाव कुठे येणार, हे पहिल्या नारळाआधी कागदावर घे. एक पोरगा दोन कामं करेल तर दोन्ही कामांपुढे त्याचं नाव घाल. आणि रात्रभर बूम धरून उभ्या राहिलेल्याला पहाटे टेंपोच्या स्टिअरिंगवर बसवू नकोस, एवढं तरी माझं ऐक.

नायक निवडताना रोमेरोच्या नायकाची, ड्वेन जोन्सची गोष्ट लक्षात ठेव. त्यानं केलेली बेनची भूमिका कृष्णवर्णीयासाठी लिहिलेली नव्हती. ऑडिशनला आलेल्यांत तो सर्वांत चांगला, म्हणून त्याला घेतलं. मूळचा रांगडा ट्रक ड्रायव्हर त्यानं सुशिक्षित, संयमी केला. संवाद स्वतःच्या तोंडी बसतील असे बदलले. शेवटी रात्रभर भुतांशी झुंजून वाचलेला बेन मदतीला आलेल्यांच्याच गोळीला बळी पडतो. तयार प्रिंट गाडीत घालून न्यूयॉर्कला निघालेल्या रोमेरोनं रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी ऐकली. त्यानंतर तो शेवट नुसता भुताच्या गोष्टीचा राहिला नाही. असं काही ठरवून आणता येत नाही, म्हणून तू ‘सामाजिक आशय’ कोंबायचा जो बेत सांगत होतास तो सोड. चांगला नट घे आणि त्याला बोलू दे.

आता कामाचं. रोमेरोच्या चित्रपटाचं आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकानं ते बदललं. कॉपीराइटच्या हक्काची ओळ नावाच्याच पाटीवर होती. नवी पाटी घालताना ती गळाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. पुढे ज्यानं त्यानं तो चित्रपट दाखवला, विकला आणि करणारे बघत बसले. आपल्याकडे अशा ओळीवाचून हक्क जात नाही. 1957 च्या कायद्यानं चित्रपटाचा निर्माताच हक्कदार. पण कथा, संगीत दुसऱ्याचं असेल तर हक्क लेखी आणि सहीनिशीच मिळतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुझा मित्र पार्श्वसंगीत ‘असंच’ देणार आहे ना? मग सहाव्या वर्षी परदेशी ओटीटीवाल्यानं विचारलं तर काय दाखवशील?

ज्या वाड्यात शूटिंग करणार आहेस त्याच्या मालकांशीही लेखी बोल. रोमेरोला पाडायला काढलेलं शेतघर मिळालं होतं, ते हवं तसं विद्रूप करता आलं. तुझ्या वाड्यात माणसं राहतात, देव्हारा आहे. कुठली खोली, कुठली भिंत, अनामत किती, सगळं लिही. आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसता तिथला आवाज रेकॉर्ड कर. पावसाळ्यानंतरच्या कोकणातल्या रात्री बेडूक आणि रातकिडे टेकागणिक वेगळे ओरडतात. संकलनात जोड लपवायला तो आवाज लागतो. जन्मभर ध्वनी केला म्हणून सांगतो, भीती तिथंच असते, मुखवट्यात नाही.

करारांचा मसुदा पाठव, माझ्या ओळखीच्या वकीलबाई बघून देतील; त्यांची फी मात्र तुझ्या बजेटात धर. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा